घाटात तापणारी जीप आणि हेड उघडण्याची घाई

प्रश्न : आमच्याकडे २००३ सालची डिझेल जीप आहे, टर्बो, फोर-बाय-फोर, दोन लाख किलोमीटरच्या वर चाललेली. एसी नंतर बाजारातून बसवून घेतला. पुढे लोखंडी गार्ड आणि दोन जादा दिवे आहेत. शहरात, अगदी राजवाड्याच्या गर्दीतसुद्धा, तापमानाचा काटा मध्यावरच असतो. पण ओंकारेश्वरहून घरी परतताना भेरूघाट चढायला लागलो की तीन-चार किलोमीटरांत काटा लाल पट्टीला भिडतो. वर सपाटीला लागलो की पाच मिनिटांत खाली येतो. दर वेळी अर्धा लिटरभर पाणी रेडिएटरच्या जोड-बाटलीत येतं. दोन वर्षांपूर्वी एका मिस्त्रीने ‘आपल्या उन्हाळ्यात याची गरजच नाही’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला. यंदा वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) नवीन घातली, कूलंट नवीन भरलं, रेडिएटर प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतला. काडीचा फरक नाही. आता दुसरा मिस्त्री म्हणतो, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावं लागेल. उघडू का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

हेड उघडू नका. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत त्यांत हेडकडे बोट दाखवणारं फारसं काही नाही. मात्र दुसऱ्या एका गोष्टीकडे बोट दाखवणारं बरंच आहे, आणि ती गोष्ट तुम्ही ओघात एका वाक्यात सांगून मोकळे झालात : थर्मोस्टॅट काढलेला आहे.

तिकडे वळण्याआधी घाटाचा हिशेब मांडू. बडवाहजवळच्या नर्मदाकाठापासून इंदूरच्या पठारापर्यंत साधारण साडेतीनशे मीटरची चढण आहे, आणि तिचा मोठा भाग भेरूघाटाच्या थोड्याशा अंतरात येतो. सहा माणसं, सामान, एसी चालू, गाडीचा वेग तीस-चाळीस. इंजिन जवळजवळ पूर्ण जोर लावतंय, म्हणजे पाण्यात उतरणारी उष्णता सर्वांत जास्त. आणि वेग कमी, म्हणजे जाळीत आपोआप शिरणारं वारं सर्वांत कमी. त्यात वारा पाठीमागून असेल तर तेवढंही नाही. राजवाड्याच्या गर्दीत याच्या उलट असतं : गाडी रेंगाळते, पण इंजिनवर भार नसतो. त्यामुळे शहरात व्यवस्थित आणि घाटात तापते, याचा अर्थ एवढाच की यंत्रणा चालू आहे, पण तिची ताकद कुठेतरी पंचवीस-तीस टक्क्यांनी घटलेली आहे. सपाटीवर पाच मिनिटांत काटा उतरतो, हीही त्याचीच खूण. हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलेली गाडी इतक्या शहाण्यासारखी वागत नाही.

अर्ध्या लिटर पाण्याचंही मनावर घेऊ नका. तुमच्या जीपमध्ये दहा लिटरच्या आसपास कूलंट मावत असेल. ३० अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापलं की ते फुगून चारशे ते पाचशे मिलिलिटरने वाढतं, आणि ते बाटलीतच यायला हवं. प्रश्न एवढाच, की रात्रभर गार झाल्यावर ते परत आत ओढलं जातं का? सकाळी बाटलीची पातळी मूळ खुणेवर आणि रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला, तर सगळं ठीक. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, तर आधी रेडिएटरचं झाकण बदला. त्याचा आत ओढणारा छोटा व्हॉल्व्ह चिकटलेला असतो. गार झाल्यावर वरचा रबरी पाइप आत चेपलेला दिसत असेल तर तीच गोष्ट.

आता थर्मोस्टॅट. ‘काढला की पाणी जोरात फिरतं, म्हणून गाडी थंड राहते’ हा समज माळव्यातच नाही, सगळीकडे आहे. हिवाळ्यात इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं, एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललंही असतं. पण बऱ्याच डिझेल इंजिनांच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला, स्प्रिंगच्या टोकाशी, आणखी एक चकती असते. इंजिनात पाणी फिरायला दोन वाटा आहेत : एक रेडिएटरमधून, दुसरी जवळची, हेडमधून थेट वॉटर बॉडीकडे. इंजिन गार असताना ही जवळची वाट उघडी असते. गरम झाल्यावर थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच हालचालीत खालच्या चकतीने जवळची वाट बंद करतो. थर्मोस्टॅटच काढला की जवळची वाट कायम उघडी. पाणी आळशी, जिकडे अडथळा कमी तिकडे ते जातं. गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरचं तोंडही न पाहता पुन्हा इंजिनात शिरतो. शहरात उष्णताच कमी, म्हणून कळत नाही. घाटात कळतं.

तुमच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट याच प्रकारचा आहे का, हे नवीन भाग हातात घेतला की लगेच दिसेल. त्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बहुतेक ८२. दुकानदार ‘गरम भागासाठी’ म्हणून ७१ किंवा ७६ चा देऊ करेल, तो घेऊ नका. थर्मोस्टॅट लवकर उघडल्याने रेडिएटरची ताकद वाढत नाही. घाटात तो कसाही पूर्ण उघडलेलाच असतो. बसवण्याआधी घरी तपासा : भांड्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगलेला की बुडाला टेकणार नाही, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर. ८२ च्या आसपास हलायला लागला पाहिजे आणि ९५ पर्यंत साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. नवीन भागही बंद पडलेला निघतो, म्हणून हा दहा मिनिटांचा उपद्व्याप करायचा. बसवताना कडेची लहानशी लोंबती पिन असेल ती वरच्या बाजूला, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. बैठक पातीने खरवडून स्वच्छ करा, नवीन गॅस्केट घाला, सिलिकॉन चोपडायचंच असेल तर केसाएवढं. आत ओघळलेलं सिलिकॉन पुढे रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं.

एवढ्याने निम्मं दुखणं गेलं तर नवल नाही. पण तुमच्या पत्रात आणखी दोन गोष्टी आहेत ज्या मला स्वस्थ बसू देत नाहीत. बाजारातून बसवलेला एसी आणि ‘प्रेशरने धुतलेला’ रेडिएटर.

बाहेरून एसी लावताना त्याची जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढे एक-दोन इंच अंतरावर ठोकतात. दोन्हींमधल्या फटीत काय साठतं हे पुढून दिसत नाही आणि मागूनही नाही. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची कापणी, हार्वेस्टर रस्त्याकडेला भुसा उडवत असतात. ऑक्टोबरात सोयाबीनचा कचरा. मधल्या काळात काळ्या मातीची धूळ. हे सगळं कंडेन्सरमधून गाळून रेडिएटरच्या पुढच्या पृष्ठभागावर बसतं आणि एसीचं पाणी, तेलाचा ओशटपणा लागून नमद्यासारखा थर होतो. पुढून प्रेशरचं पाणी मारलं की कंडेन्सर चकचकीत होतो आणि हा नमदा रेडिएटरमध्ये आणखी घट्ट ठोकला जातो. शिवाय जोरदार धारेने जाळीच्या पातळ पात्या मुडपतात, त्या वेगळ्या.

करायचं असं : गाडी पूर्ण गार. कंडेन्सरचे वरचे दोन बोल्ट आणि क्लॅम्प काढून तो पुढे झुकवा. गॅसचे पाइप सोडायचे नाहीत, जेवढा झुकेल तेवढाच. आत बॅटरी मारून पाहा. हाताने निघेल तेवढा थर काढा, मग साधा साबण आणि पाणी फवारून पंधरा मिनिटं मुरू द्या, आणि इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, बागेच्या नळीच्या साध्या धारेने धुवा. काळं पाणी येणं थांबेपर्यंत. शेवटी कंप्रेसरची हवा, तीही मागून पुढे आणि हातभर लांबून. मुडपलेल्या पात्या जुन्या दाढीच्या ब्रशने नाही, बारीक चिमट्याने किंवा पात्या सरळ करायच्या कंगव्याने सरळ करायच्या. पुढच्या गार्डची आडवी पट्टी आणि दिवे जाळीच्या नेमके समोर येत असतील तर दिवे एखाद-दुसऱ्या फेरीसाठी काढून बघा. फरक पडला तर ते कडेला सरकवा.

तिथेच असताना रेडिएटरच्या दोन्ही कडांना आणि वर रबराच्या पट्ट्या होत्या का ते पाहा. जुन्या गाड्यांत त्या कधीच गळून गेलेल्या असतात आणि कुणी परत लावत नाही. त्या नसतील तर पंख्याने ओढलेलं गरम वारं कडेने पुढे येऊन पुन्हा जाळीत शिरतं. दारांना लावतात तसला फोम किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या तरी काम होतं.

आता पंखा. तुमच्या जीपच्या वयाच्या टर्बो डिझेलमध्ये पंख्याच्या मध्यभागी बहुधा सिलिकॉन तेल भरलेला व्हिस्कस क्लच असतो. पुढच्या तोंडावर गुंडाळलेली पत्र्याची स्प्रिंग दिसली तर तोच. जाळीतून येणारं वारं गरम झालं की ती स्प्रिंग आतली वाट उघडते, तेल सरकतं आणि पंखा इंजिनशी जखडला जातो. वर्षानुवर्षांत तेल पाझरून कमी होतं. अशा अर्धमेल्या क्लचची गंमत अशी की स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, तो पंखा नीट फिरवतो, कारण तेव्हा जोर कमी लागतो. शहरात म्हणून काही जाणवत नाही. घाटात मिनिटाला २५०० चक्रांवर तो घसरतो आणि नेमका तेव्हाच पंखा हवा असतो. तपासणी सोपी. इंजिन चांगलं तापवून बंद करा, किल्ली खिशात ठेवा (हे विसरू नका, बोटं परत येत नाहीत) आणि पंखा हाताने जोरात फिरवा. गरम असताना तो अर्ध्या फेऱ्यात थांबला पाहिजे, मधात हात फिरवल्यासारखा जड लागला पाहिजे. दोन-तीन फेऱ्या सहज फिरत राहिला तर क्लच गेला. मध्यभागापासून बाहेरच्या दिशेला तेलकट किरणांसारख्या रेघा दिसल्या तरी गेला. पुढच्या स्प्रिंगवर चिखल वाळून बसला असेल तर आधी तो काढा. चिखलात पुरलेल्या स्प्रिंगला वारं गरम झालेलं कळणार कसं?

पंख्याभोवतीचं कडं, ज्याला श्राउड म्हणतात, ते जागेवर आहे ना? वॉटर बॉडी बदलताना ते काढावं लागतं आणि पुष्कळदा एखाद्या कोपऱ्यात राहून जातं. कडं नसेल तर पंखा जाळीच्या मधल्या गोलातलंच वारं ओढतो, चारही कोपरे फुकट. पात्यांची निम्मी ते दोन-तृतीयांश रुंदी कड्याच्या आत असावी आणि पात्याचं टोक व कडं यांत बोटभर अंतर असावं. आणखी एक, बोलायला विचित्र पण घडणारी गोष्ट : वॉटर बॉडी बदलल्यावर पंखा उलटा बसवलेला असतो. तो हवा मागेच फेकतो, पण बरीच कमी. पात्याची फुगीर बाजू रेडिएटरकडे असायला हवी.

वॉटर बॉडी नवीन आहे म्हणता. जुनी जपून ठेवली असेल तर तिचं आतलं चक्र आठवा किंवा मागून घ्या. बाजारातल्या स्वस्त वॉटर बॉडीत चक्राच्या पात्या मूळ भागापेक्षा बुटक्या असतात किंवा चक्र ओतीव लोखंडाऐवजी दाबलेल्या पत्र्याचं असतं. बोल्ट, आस, बेअरिंग सगळं जुळतं, पाणी मात्र कमी ढकललं जातं. नवीन भाग म्हणून तो संशयातून सुटत नाही. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबावा, त्याहून ढिला नको. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल तर बदला. खालचा मोठा रबरी पाइप, म्हणजे रेडिएटरकडून वॉटर बॉडीकडे येणारा, इंजिन गरम असताना कुणालातरी २५०० पर्यंत रेस द्यायला सांगून लांबून नजरेखाली ठेवा. तो चेपत असेल तर आतली तारेची स्प्रिंग गंजून गेली आहे.

या सगळ्यानंतरही तापलीच, तर मोजमाप करा. अंदाजाने आणखी भाग बदलण्यापेक्षा इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे बंदुकीसारखा तो, स्वस्त पडतो. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं, कमी तापमान दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर आणि रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्यांवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर रोखा. घाटात काटा चढला की सुरक्षित जागी थांबून, इंजिन चालू ठेवून, पहिल्या मिनिटातच तिन्ही आकडे टिपून घ्या. वर-खालचा फरक सहा ते दहा अंश असेल तर पाणी नीट वाहतंय. फरक वीसच्या वर गेला तर पाणी हळू वाहतंय : नळ्या तुंबल्यात, वॉटर बॉडी कमजोर आहे किंवा पाइप चेपतोय. फरक दोन-तीन अंशच आणि दोन्ही टाक्या धगधगीत, तर पाणी वाहतंय पण वारं उष्णता नेत नाही : जाळी, पंखा, कडं. आणि थर्मोस्टॅटचं घर ८८ दाखवत असताना काटा लाल पट्टीत असेल तर इंजिन तापलेलंच नाही, काटा खोटं बोलतोय. अशा वेळी हेडलाइट लावून बघा. काटा उडी मारत असेल तर अर्थिंगची तार सैल आहे.

बंदूक जाळीवर आडवी-उभीही फिरवा. एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गार लागला तर त्या नळ्या आतून बंद आहेत. इथे आपल्या बोरिंगच्या पाण्याचा हात असतो. माळव्याच्या बेसाल्ट खडकातलं पाणी जड; वर्षानुवर्षं तेच ओतत गेलं की चहाच्या किटलीत बसतो तसा पांढरा थर नळ्यांत बसतो. तुमचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल (जुन्या जीपचा बहुधा असतो, टाक्या डाग लावून, म्हणजे सोल्डरने, जोडलेल्या दिसतात) तर रॉडिंग करून घ्या : वरची-खालची टाकी डाग सोडवून काढतात, प्रत्येक नळीतून सळई फिरवतात आणि परत डाग लावतात. देताना काम पाहायला थांबा, कारण टाक्या न उघडता ॲसिड फिरवून ‘रॉडिंग झाली’ म्हणणारेही आहेत. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असतील तर रॉडिंग होत नाही, जाळी बदलावी लागते.

इंजिनच्या आतला थर घालवायला सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचं फूल, पुरतं. सगळं कूलंट काढा, साधं पाणी भरून एकदा धुवा, मग दहा लिटर पाण्यात अडीचशे ग्रॅम विरघळवून भरा. केबिनचा हीटर असेल तर पूर्ण उघडा ठेवा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन तापवून पुढे पंधरा मिनिटं स्लोवर चालवा, किंचित गार झालं की काढा. पहिलं पाणी चहासारखं येईल. मग साध्या पाण्याने, स्वच्छ येईपर्यंत, कमीत कमी तीनदा. ॲसिड रात्रभर आत ठेवू नका. रॉडिंग याच्या नंतर करायची, आधी नाही; नाहीतर इंजिनमधली सुटलेली खपली नव्याने साफ केलेल्या नळ्यांत जाऊन बसेल.

कूलंट भरताना डबा नीट वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. ‘रेडी टू यूज’ लिहिलेलं असेल तर त्यात थेंबभरही पाणी घालायचं नाही. ते आधीच मिसळलेलं असतं आणि लोक पुन्हा निम्मं करून भरतात. उलट, ‘जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड’ हेही खरं नाही. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा, म्हणजे कूलंटमधल्या मूळ द्रवापेक्षा, सरस. साठ टक्क्यांच्या वर ग्लायकॉल गेलं की गाडी उलट जास्त तापते. नर्मदेचं नळाचं पाणीही रेडिएटरसाठी नाही. पुस्तकात क्षमता १० लिटर असेल आणि तुमचं ७ लिटरमध्येच भरलं, तर ३ लिटर जुनं पाणी किंवा हवा आत आहे. हवा काढायला गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर गरमवर, झाकण उघडं, बारीक धारेने भरत राहा, वरचा पाइप दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तिथे पुन्हा भरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना परत एकदा. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री पितात आणि मरतात. लहान मुलांचंही तेच भय.

झाकण मी मुद्दाम मागे ठेवलं नाही, पण त्याची गणितं एकदा पाहाच. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर; इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बारचं झाकण नीट असेल तर तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट असेल तर त्याहूनही वर. थर्मोस्टॅट पूर्ण उघडतो ९५ ला. म्हणजे झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर इंजिनच्या नेहमीच्या तापमानात आणि उकळीत तीन-चार अंशांचंच अंतर उरतं. नवीन घ्या, जुन्यावर ०.९ असेल तर ०.९ चंच. १.३ चं लावून जुन्या पाइपांची परीक्षा घेऊ नका.

आता हेडबद्दल, कारण मिस्त्रीने भीती घातलीच आहे. उघडण्याआधी त्याला पुरावा मागा. सकाळी पूर्ण गार इंजिन सुरू करा आणि दोन मिनिटांत वरचा पाइप दाबा. पाणी कोमट व्हायच्या आत तो दगडासारखा कडक झाला तर ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय. बाटलीत जाणारी बारीक नळी पाण्यात बुडवून इंजिनला रेस द्या. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे हवेचे असतात, पण धार थांबतच नसेल तर गॅस्केट किंवा हेडला चीर. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं झाकण सकाळी उघडताना फुस्स आवाज आला तरी तेच. तेलाच्या झाकणाखाली साय, मागून पांढरा गोडसर वासाचा धूर, दर आठवड्याला कुठेही न गळता पाणी कमी होणं. यांतलं एकही नसेल तर हेड जिथे आहे तिथे राहू द्या. असलं, तर हेड टाकून देण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या आणि पट्टी व फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून वाकलंय का बघा. डिझेलच्या हेडला सहसा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरहून जास्त वाक चालत नाही, नेमका आकडा पुस्तकात असतो. बऱ्याच डिझेलमध्ये गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचं येतं, कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखायचं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून त्या जाडीचं घ्यायचं असतं, ‘जे मिळालं ते’ नाही. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच.

फोर-बाय-फोर म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या. लिव्हर खरोखर 2H मध्ये (फक्त मागची चाकं चालवण्याच्या जागी) परततो का आणि पुढच्या चाकांचे हब ॲक्सलपासून मोकळे होतात का? डांबरावर चार चाकं जोडून चढलात तर पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि इंजिन फुकट राबतं. दुसरं, सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवून थांबा आणि चारही चाकांच्या मधोमध बंदूक रोखा. एक चाक बाकीच्यांपेक्षा तीस-चाळीस अंशांनी गरम असेल तर तिथला ब्रेक घासतोय. एक्झॉस्टमधून चढावर काळा धूर निघत असेल तर एअर फिल्टर आणि डिझेल पंपाची सेटिंगही बघून घ्या. कुणीतरी ‘पिकअप’साठी पंप वाढवलेला असतो, आणि जास्तीचं डिझेल म्हणजे जास्तीची उष्णता.

दुरुस्ती होईपर्यंत घाट चढायचाच असेल तर पायथ्यालाच एसी बंद करा आणि टॉपमध्ये रेटण्याऐवजी तिसऱ्यात या, २२०० ते २८०० चक्रं ठेवा. वरच्या गिअरमध्ये दमवत नेलं तर पंखा आणि वॉटर बॉडी दोन्ही मंदावतात. काटा चढू लागला की हीटर पूर्ण गरमवर सोडा, खिडक्या उघडा. मे महिन्यात हे शिक्षा वाटेल, पण तो एक छोटा जादा रेडिएटरच आहे. तरी चढला तर सावलीत थांबा. पाणी गळत नसेल आणि पट्टा शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, हजार-बाराशेवर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र ताबडतोब बंद. काटा लाल पट्टीतून अचानक गारवर कोसळला तर आनंद मानू नका. सेन्सरभोवती पाणी उरलेलं नाही म्हणून तो खाली आलाय. झाकणाला पाऊण तास हात नाही, नंतर जाड कापड घेऊन पाव फेरा, वाफ जाऊ द्या, मग बाकीचं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला खरोखरच चीर जाते, आणि मग तुमचा मिस्त्री बरोबर ठरतो.

क्रम असा लावा : थर्मोस्टॅट व झाकण, कंडेन्सरमागची सफाई, पंखा व कडं, यानंतर एक घाट, दुपारचा, नेहमीच्या भारात. तरी तापली तर वर सांगितलेले तीन आकडे आणि सकाळच्या बाटलीची पातळी लिहून पाठवा, त्यावरून पुढचं सांगता येईल.